वाचकांचे प्रश्न : 73 विजय आणि हुकलेले विजेतेपद

गेल्या अंकातील क्रीडा-टिपणात अमेरिकेतील गोल्डन स्टेट वॉरियर्स या बास्केटबॉल संघाच्या 2015-16 च्या हंगामाचा ओझरता उल्लेख होता. साखळीत 82 पैकी 73 सामने जिंकणारा हा एनबीए या अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या इतिहासातील एकमेव संघ; अंतिम फेरीत क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सविरुद्ध 3-1 अशी आघाडी असताना मात्र तो पुढचे तिन्ही सामने हरला, एवढेच त्यात म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांचा सूर बहुतेक एकच आहे: हा संघ ऐन वेळी कच खाल्ला. माझे मत तसे नाही, आणि का नाही ते पुढील उत्तरांतून स्पष्ट होईल. समान आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : एवढे सामने जिंकणारा संघ थेट विजेता का ठरत नाही? मग साखळीतील 82 सामन्यांचा उपयोग काय? (सांगली)

एनबीएमध्ये 30 संघ असून त्यांची पूर्व आणि पश्चिम अशा दोन विभागांत वाटणी केलेली आहे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत प्रत्येक संघ 82 सामने खेळतो, त्यांपैकी 41 घरच्या कोर्टवर. त्यानंतर दोन्ही विभागांतील आठ-आठ संघ प्लेऑफमध्ये जातात. तेथे चार फेऱ्या असतात, प्रत्येक फेरीत एकाच प्रतिस्पर्ध्याशी जास्तीत जास्त सात सामने होतात आणि जो आधी चार जिंकेल तो पुढे जातो. म्हणजे विजेतेपदासाठी आणखी 16 विजय लागतात. साखळीतील उत्तम कामगिरीने मिळणारा मोठा लाभ म्हणजे निर्णायक सातवा सामना आपल्या कोर्टवर होतो. वॉरियर्सना तो लाभ मिळाला होता. सामना ओकलंडमध्येच, म्हणजे त्यांच्या तेव्हाच्या घरच्या गावी, झाला आणि तेथेच ते हरले.

या दोन टप्प्यांत खेळाची जातच बदलते. साखळीत आज एका शहरात, परवा दुसऱ्या शहरात असा विमानप्रवास चालू असतो आणि प्रतिस्पर्धी रोज नवा असतो. त्याला तुमचा अभ्यास करायला जेमतेम एक सकाळ मिळते. अशा वेळी ज्याची खेळाची घडी पक्की बसलेली आहे, तो संघ जिंकत राहतो. प्लेऑफमध्ये तोच प्रतिस्पर्धी दोन आठवडे समोर असतो आणि तुमच्या पाच जणांतील सर्वांत कच्चा दुवा शोधून पुन्हा पुन्हा तेथेच घाव घालतो.

प्रश्न : प्रशिक्षक स्टीव्ह कर हंगामाच्या सुरुवातीला संघासोबत नव्हते, तरी संघाने ओळीने 24 सामने कसे जिंकले? (सोलापूर)

2015 च्या उन्हाळ्यात विजेतेपद मिळवल्यानंतर कर यांच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. तीत मणक्यातील द्रव झिरपू लागल्याने सप्टेंबरमध्ये दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली, आणि तीव्र डोकेदुखीमुळे ते काही महिने बाकावर येऊ शकले नाहीत. त्यांच्या जागी ल्यूक वॉल्टन या तरुण साहाय्यकाने 43 सामने सांभाळले, त्यांपैकी 39 जिंकले. गंमत अशी की, नियमानुसार ते सगळे विजय मुख्य प्रशिक्षक म्हणून कर यांच्याच खात्यावर जमा झाले, आणि वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मानही त्यांनाच मिळाला. वॉल्टन यांना पुढल्या हंगामासाठी लॉस एंजेलिस लेकर्सने मुख्य प्रशिक्षक म्हणून नेले, तेव्हा त्यांच्याही कामाचे चीज झाले असे म्हणता येईल.

24 विजयांचे कारण साधे आहे. संघ तोच होता, डावपेच तेच होते आणि खेळाडूंचे वय उमेदीचे होते. स्टीफन करी 2009 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सातव्या क्रमांकावर, क्ले थॉम्पसन 2011 मध्ये अकराव्या, तर ड्रेमंड ग्रीन 2012 मध्ये चक्क 35 व्या क्रमांकावर घेतलेला. तिघेही याच संघात वाढलेले, कोठून विकत आणलेले नव्हेत. त्यापूर्वी हंगामाची अपराजित सुरुवात जास्तीत जास्त 15 सामन्यांची होती. ही मालिका 12 डिसेंबरला मिलवॉकीत तुटली, पण तीही आदल्या रात्री बॉस्टनमध्ये दोनदा अतिरिक्त वेळ खेळून थकलेल्या पायांनी. मिलवॉकीचे काही प्रेक्षक ‘24-1’ असे छापलेले टी-शर्ट घालूनच आले होते. प्रतिस्पर्ध्याच्या गावात तुमच्या पहिल्या पराभवाचे कपडे शिवून तयार असावेत, यावरून त्या डिसेंबरमधले वातावरण ध्यानात यावे.

प्रश्न : मी शाळेत बास्केटबॉल शिकवतो. करीच्या चित्रफिती पाहून मुले मध्यरेषेजवळून चेंडू फेकू लागली आहेत. त्याच्या खेळातून त्यांनी नेमके काय उचलावे? (सातारा)

आपल्या तक्रारीत तथ्य आहे; अमेरिकेतील प्रशिक्षकही त्या वर्षी हेच म्हणत होते. त्या हंगामात करीने 402 थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे बास्केट, केले. आधीचा विक्रम 286 चा, आणि तोही त्याचाच, आदल्याच वर्षीचा. विक्रम अशा उडीने क्वचितच मोडले जातात.

आधी हिशेब पाहू. थ्री-पॉइंटरमध्ये त्याची अचूकता 45.4 टक्के होती, म्हणजे प्रत्येक प्रयत्नामागे सरासरी 1.36 गुण. दोन गुणांच्या बास्केटमधून तेवढेच मिळवायचे तर 68 टक्के अचूकता हवी, आणि ती बास्केटखाली उभ्या राहणाऱ्या धिप्पाड सेंटरलासुद्धा सहसा साधत नाही. तेव्हा करीचे लांबून मारणे ही चैन नव्हती; संघाला परवडणारा तो सर्वांत किफायतशीर फटका होता. आपल्या विद्यार्थ्याची अचूकता 20 टक्के असेल, तर त्याच गणिताने तो प्रत्येक प्रयत्नाला 0.6 गुण मिळवतो. हे आकडे फळ्यावर मांडून दाखवा. रागावण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

आता दुसरी बाजू. करीच्या फटक्यांचा खरा लाभ तो न मारतानाही मिळत असे. एनबीएत तीन गुणांची रेषा बास्केटपासून 23 फूट 9 इंचांवर आहे. करी तिच्याही चार-पाच फूट मागून मारू शकतो हे ठाऊक असल्याने बचावपटूला तेथवर पुढे यावे लागे. ग्रीन त्या बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखा उभा राही, करी त्या आडोशाने निसटे, आणि त्याला रोखायला दोघे जण धावत. त्याच क्षणी चेंडू फ्री-थ्रोच्या रेषेजवळ मोकळ्या झालेल्या ग्रीनच्या हाती जाई. आता कोर्टच्या पुढच्या भागात चार वॉरियर्स आणि तीन बचावपटू असा सामना उरे. ग्रीन कोणाकडे पास देतो ते पाहण्यासारखे असे: कोपऱ्यातील थॉम्पसनकडे, बास्केटकडे धावणाऱ्या इग्वोडालाकडे, की स्वतःच दोन पावले टाकून वर. त्या हंगामात ग्रीनने सामन्यामागे सरासरी 7.4 असिस्ट, म्हणजे ज्यांवर सहकाऱ्याने बास्केट केले असे पास, दिले, ते मुख्यतः याच रचनेतून. संघाने एकूण 1,077 थ्री-पॉइंटर केले. त्यापूर्वी एका हंगामात हजारापर्यंत कोणताच संघ पोहोचला नव्हता.

मुलांना दाखवायचे असेल, तर सामन्यापूर्वीचा त्याचा सराव दाखवा. दोन्ही हातांनी दोन चेंडूंचे ड्रिबल, नंतर बास्केटच्या अगदी जवळून उजव्या आणि डाव्या हाताने हलके फटके, मग हळूहळू मागे सरकत जाणे असा त्याचा क्रम ठरलेला असे, आणि तो पाहण्यासाठी लोक सामन्याच्या कितीतरी आधी येऊन बसत. ओकलंडच्या ओरॅकल अरीनात ड्रेसिंग-रूमकडे जाणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी उभा राहून तो शेवटी एक उंच फटका मारी, त्याला टाळ्या पडत आणि चित्रफितीत तोच दिसतो. त्याआधीचे सगळे मात्र मुले पाहत नाहीत.

प्रश्न : विक्रमाच्या मागे लागून संघ थकला, म्हणूनच अंतिम फेरी हरला असे येथे सर्रास बोलले जाते. आपणांस काय वाटते? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया, याच आशयाचे पत्र पुण्याहूनही)

फ्रीमाँट हे ओकलंडपासून जवळ असल्याने आपण ही चर्चा घरबसल्या ऐकली असणार. ती पूर्ण खोटी नाही, पण तिच्यावर फार भार टाकला गेला आहे.

एप्रिलच्या पहिल्या पाच दिवसांत वॉरियर्स घरच्या कोर्टवर दोनदा हरले: प्रथम बॉस्टन सेल्टिक्सकडून 109-106 असे, आणि त्याबरोबर आदल्या हंगामापासून चालत आलेली घरच्या 54 विजयांची मालिका संपली, मग तळातल्या मिनेसोटाकडून, अतिरिक्त वेळेत. हिशेब 69-9 वर आला. 72 विजयांचा जुना विक्रम मोडण्यासाठी उरलेले चारही सामने जिंकणे भाग होते, आणि त्यांतील दोन सॅन अँटोनियो स्पर्सविरुद्ध होते. विश्रांती द्यावी असा कर यांचा कल होता, तरी निर्णय त्यांनी खेळाडूंवर सोडला आणि खेळाडूंनी खेळायचे ठरवले. 7 एप्रिलला स्पर्सना घरी हरवले. 9 ला मेम्फिसमध्ये 100-99 असे निसटते जिंकले. लगेच दुसऱ्या रात्री सॅन अँटोनियोत, जेथे स्पर्स त्या हंगामात एकदाही हरले नव्हते आणि वॉरियर्स साखळीत 1997 नंतर कधी जिंकले नव्हते, तेथे 92-86 असा 72 वा विजय मिळवला. 13 तारखेला मेम्फिसविरुद्ध करीने 46 गुण केले आणि 73 पूर्ण झाले. त्याच रात्री लॉस एंजेलिसमध्ये कोबी ब्रायंट आपल्या अखेरच्या सामन्यात 60 गुण करत होता, त्यामुळे अमेरिकेतील निम्मे प्रेक्षक भलतीकडेच बघत होते.

आता थकव्याविषयी. करी त्या वर्षी सामन्यामागे सरासरी 34 मिनिटे खेळला. सामना तीन क्वार्टरमध्येच निकालात निघाल्याने चौथ्यात तो अनेकदा बाकावर बसून असे. शिवाय विश्रांतीचा पुरस्कार करणाऱ्यांनी स्पर्सकडे पाहावे. खेळाडूंना जपून वापरण्यात त्यांचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांचा हातखंडा होता, त्यांनी 67 सामनेही जिंकले, आणि दुसऱ्या फेरीत ओक्लाहोमा सिटी थंडरने त्यांना 4-2 असे घरी पाठवले.

करीच्या गुडघ्याला झालेली इजा मात्र मी महत्त्वाची मानतो, आणि तिचा विक्रमाशी संबंध नाही. 24 एप्रिलला ह्यूस्टनमध्ये, मध्यंतराच्या जेमतेम आधी, प्रतिस्पर्धी खेळाडू घसरून गेल्याने घामाने ओल्या झालेल्या फरशीवर त्याचा पाय सरकला आणि उजव्या गुडघ्याचा अस्थिबंध ताणला गेला. चार सामने बाहेर बसून तो पोर्टलंडविरुद्ध परतला, राखीव म्हणून उतरला आणि 40 गुण करून गेला, त्यांपैकी 17 एकट्या अतिरिक्त वेळेत. त्या रात्री सगळ्यांना वाटले की गुडघा बरा झाला. पण पुढचा महिनाभर मोठ्या अंगाच्या बचावपटूला एका झटक्यात मागे टाकणारे ते पहिले पाऊल नियमित दिसले नाही.

प्रश्न : ड्रेमंड ग्रीनवर पाचव्या सामन्यात घातलेली बंदी अन्यायकारक होती, असे आपणांस वाटत नाही काय? (नागपूर)

नाही. नियम आधीपासून लिहिलेला होता आणि ग्रीनला तो पाठ असायला हवा होता. अनावश्यक दांडगाईच्या फाऊलला एनबीएत फ्लॅग्रंट फाऊल म्हणतात. त्याच्या सौम्य प्रकाराला एक आणि गंभीर प्रकाराला दोन दोषांक मिळतात, आणि प्लेऑफमध्ये एकूण तीनच्या वर गेले की एका सामन्याची बंदी आपोआप लागू होते. ग्रीनने पहिल्या फेरीत ह्यूस्टनविरुद्ध एक दोषांक घेतला होता. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत ओक्लाहोमाच्या स्टीव्हन अॅडम्सला त्याने नको तेथे लाथ मारली, तेव्हा आणखी दोन. बाकी होता एकच.

10 जूनला क्लीव्हलँडमध्ये चौथा सामना वॉरियर्सच्या खिशात गेल्यासारखा असताना क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सने खाली पडलेल्या ग्रीनला ओलांडून पाऊल टाकले. हे हिणवणे होते यात शंका नाही. ग्रीनने हात झटकला तो लेब्रॉनच्या जांघेच्या दिशेने. पंचांनी तेव्हा दोघांनाही साधा फाऊल दिला. पण दोन दिवसांनी लीगने चित्रफीत तपासून ग्रीनच्या फाऊलला फ्लॅग्रंट ठरवले, आणि चार दोषांक भरले. लेब्रॉनने हेतुपुरस्सर डिवचले असेलही. ज्याच्याजवळ एकाही चुकीची मुभा उरलेली नाही, त्याने डिवचले जाऊ नये.

त्या बंदीच्या काळात खेळाडूला अरीनात थांबता येत नाही. म्हणून 13 जूनला ग्रीन शेजारच्याच बेसबॉलच्या स्टेडियममधील एका कक्षात बसून दूरचित्रवाणीवर सामना पाहत होता. जिंकलेच तर धावत जाऊन सहकाऱ्यांना गाठता यावे एवढाच त्यामागचा हेतू. आपल्या संघापासून काही शे पावलांवर बसून त्याने पाहिले ते असे: लेब्रॉन 41 गुण, कायरी अर्विंग 41 गुण, क्लीव्हलँड 112-97 ने विजयी. वर सांगितलेली ‘चारविरुद्ध तीन’ची रचना ग्रीनशिवाय चालत नव्हती, आणि बचावात पाचही जागांवरच्या खेळाडूंना अंगावर घेऊ शकणारा दुसरा कोणी त्या संघात नव्हता. भरीस भर म्हणून त्याच सामन्यात सेंटर अँड्र्यू बोगटचा गुडघा दुखावला आणि तो उरलेल्या मालिकेतून बाहेर गेला. बास्केटखालचा पहारेकरी गेल्यावर लेब्रॉनला आत घुसायला मोकळे रान मिळाले. माझ्या दृष्टीने मालिका फिरली ती याच रात्री. सातव्या सामन्यातील प्रसिद्ध क्षण नंतरचे आहेत.

क्लीव्हलँडने शोधलेल्या कच्च्या दुव्याचा उल्लेखही येथेच करायला हवा. वॉरियर्सच्या हॅरिसन बार्न्सला त्यांनी सरळ मोकळे सोडले आणि त्याचा बचावपटू करीच्या वाटेवर वळवला. बार्न्सने शेवटच्या तीन सामन्यांत 32 प्रयत्नांत पाच बास्केट केले. ते फटके अवघड नव्हते. समोर कोणी नव्हते. 82 सामन्यांत हे कोणाला परवडले नसते, कारण तेवढ्या लांब टप्प्यात बार्न्स पुरेसे फटके घालत होता. तीन सामन्यांपुरता त्याचा हात गेला, आणि तेवढे पुरले.

प्रश्न : सातव्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत नेमके काय झाले? (बेळगाव)

हा सामना 19 जून 2016 च्या संध्याकाळी ओकलंडमध्ये झाला. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट उलटत होती. त्यापूर्वी झालेल्या सहा सामन्यांच्या गुणांची बेरीज केली, तर दोन्ही संघांचे नेमके 610-610 गुण होतात. सातव्यात 4 मिनिटे 39 सेकंद उरली असताना थॉम्पसनच्या बास्केटने 89-89 अशी बरोबरी झाली, म्हणजे मालिकेत 699-699. त्यानंतर वॉरियर्सच्या खात्यात एकही गुण पडला नाही.

1 मिनिट 50 सेकंद उरली असताना इग्वोडाला वेगाने बास्केटपाशी पोहोचला होता. जे. आर. स्मिथच्या अडथळ्यामुळे त्याला हवेत चेंडू किंचित फिरवावा लागला, आणि तेवढ्या विलंबात मागून कोर्टभर धावत आलेल्या लेब्रॉनने तो बास्केटमागच्या फळ्यावर दाबला. 53 सेकंद उरली असताना अर्विंगने करीच्या डोक्यावरून तीन गुण घेतले. उत्तरादाखल करीसमोर केव्हिन लव्ह आला. लव्ह हा उंच, बचावात संथ समजला जाणारा खेळाडू, आणि फेब्रुवारीतला करी त्याला जागेवर खिळवून पुढे गेला असता. येथे तो डावीकडे गेला, उजवीकडे गेला, चेंडू ग्रीनला देऊन परत घेतला, पण लव्ह समोरून हलेना. अखेर करीने अडलेल्या स्थितीतच फटका मारला आणि तो चुकला. लेब्रॉनच्या एका फ्री-थ्रोनंतर 93-89 असा शेवट झाला. कोणत्याही प्रमुख व्यावसायिक खेळातील क्लीव्हलँड शहराचे ते 1964 नंतरचे पहिले विजेतेपद होते, आणि अंतिम फेरीत 1-3 वरून परतणारा तो पहिलाच संघ.

ऐन वेळी कच खाल्ली म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की त्या सामन्यात ग्रीनने 32 गुण, 15 रिबाउंड (चुकलेल्या फटक्यांचे पकडलेले चेंडू) आणि 9 असिस्ट केले होते. शिवाय जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी हाच संघ ओक्लाहोमाविरुद्ध स्वतः 1-3 असा मागे होता, आणि तेथे सहाव्या सामन्यात थॉम्पसनने 11 थ्री-पॉइंटर मारून त्याला वाचवले होते. कच खाणारा संघ मे महिन्यातच घरी गेला असता.

प्रश्न : 1995-96 चा शिकागो बुल्स श्रेष्ठ की हा संघ? (मुंबई, ठाणे आणि पणजी येथील वाचक)

बुल्सने साखळीत 72-10 आणि प्लेऑफमध्ये 15-3 अशी कामगिरी करून विजेतेपद घेतले, त्यामुळे संपूर्ण हंगाम म्हणून बुल्स श्रेष्ठ. यात वादाला जागा नाही. साखळीपुरते बोलायचे, तर वॉरियर्स सलग दोन सामने कधीच हरले नाहीत आणि त्यांचे नऊ पराभव नऊ वेगळ्या संघांकडून झाले, म्हणजे कोणालाही त्यांना दुसऱ्यांदा हरवता आले नाही. दोन्ही संघांची प्रत्यक्ष गाठ कल्पनेतही घालणे कठीण आहे: 1996 मध्ये क्षेत्र-बचावाला, म्हणजे खेळाडूऐवजी जागा राखण्याला, मनाई होती, हाताने अडवण्याला बरीच मोकळीक होती आणि तीन गुणांची रेषाही जवळ, 22 फुटांवर आणलेली होती. हा प्रश्न खरे तर स्टीव्ह कर यांना विचारायला हवा, कारण त्या बुल्समध्ये ते खेळाडू होते.

प्रश्न : इतका बलाढ्य संघ असताना पुढच्याच महिन्यात केव्हिन ड्युरँटसारखा खेळाडू त्यांना परवडला कसा? पगारावर मर्यादा नसते काय? (औरंगाबाद)

मर्यादा असते, आणि तीच त्या उन्हाळ्यात अचानक वर गेली. ईएसपीएन आणि टीएनटी या वाहिन्यांशी झालेला नऊ वर्षांचा, 24 अब्ज डॉलरचा प्रक्षेपण करार 2016-17 पासून लागू होत होता. वेतनमर्यादा उत्पन्नाशी बांधलेली असल्याने ती 7 कोटी डॉलरवरून एका उडीत 9 कोटी 41 लाखांवर गेली. ती टप्प्याटप्प्याने वाढवावी असा लीगचा प्रस्ताव होता. खेळाडूंच्या संघटनेने तो नाकारला.

दुसरे कारण करीच्या घोट्यात होते. 2011-12 मध्ये घोट्याच्या दुखण्याने तो केवळ 26 सामने खेळला होता आणि त्याच धास्तीत 2012 मध्ये त्याने चार वर्षांसाठी 4 कोटी 40 लाख डॉलरचा करार स्वीकारला. त्यामुळे एकही मत विरोधात न जाता सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या वर्षी, 131 पैकी 131 पहिल्या पसंतीची मते मिळवत असताना, त्याच्याहून अधिक पगार घेणारे चार जण त्याच्याच संघात होते. बार्न्सला जाऊ दिले, बोगटची रवानगी डॅलसला झाली, आणि 4 जुलै 2016 रोजी ड्युरँटने आपला निर्णय जाहीर केला. ज्या ओक्लाहोमाने वॉरियर्सना 3-1 असे कोंडीत पकडले होते, त्याच संघाचा तो म्होरक्या. पुढच्या हंगामात प्लेऑफमध्ये त्यांनी 17 पैकी 16 सामने जिंकले. मला त्या संघाच्या सामन्यांत रस उरला नव्हता, हे येथे नमूद करून ठेवतो. निकाल आधीच ठाऊक असल्यासारखे वाटे.

प्रश्न : या संघाचा आपल्याकडील कोणाशी काही संबंध आहे काय? (रत्नागिरी)

आहे, थोडा. मुंबईत जन्मलेले उद्योजक विवेक रणदिवे हे 2010 मध्ये वॉरियर्स विकत घेणाऱ्या गटात भागीदार होते. 2013 मध्ये ते हिस्सा सोडून शेजारच्या सॅक्रामेंटो किंग्ज या संघाचे मुख्य मालक झाले. ऑक्टोबर 2019 मध्ये एनबीएचे भारतातील पहिले दोन सामने मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले, ते याच किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात. पहिला सामना अतिरिक्त वेळेत जाऊन पेसर्सने 132-131 असा जिंकला.

प्रश्न : एवढ्या सामन्यांपैकी एकच पाहायचा असेल तर कोणता पाहावा? (कोल्हापूर)

27 फेब्रुवारी 2016 चा, ओक्लाहोमा सिटी येथील. सातवा सामना नको. तो तणावाचा आहे, पण दोन्ही बाजूंचे फटके चुकत राहतात आणि वॉरियर्स त्या वर्षी कसे खेळत होते ते त्यातून कळत नाही.

या सामन्यात वॉरियर्स बहुतेक वेळ मागे होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ओक्लाहोमाच्या वेस्टब्रुकचे अंग करीच्या घोट्यावर पडले, करी लंगडत आत गेला आणि काही मिनिटांनी पट्टी आवळून परत आला. त्यानंतर त्याने जे केले, त्याने 12 थ्री-पॉइंटरच्या तेव्हाच्या विक्रमाशी बरोबरी झाली. अतिरिक्त वेळेत 118-118 अशी बरोबरी असताना चुकलेल्या फटक्याचा चेंडू इग्वोडालाकडून करीकडे आला. काही सेकंद उरलेली, प्रशिक्षकाजवळ विश्रांती (टाइमआउट) मागायची सोय होती. ती कोणी मागितली नाही. करी रमतगमत मध्यरेषा ओलांडून आला आणि बास्केटपासून सुमारे 38 फुटांवरून, समोरचा बचावपटू अजून मागे सरकत असताना, त्याने चेंडू सोडला. तो बास्केटमध्ये पडला तेव्हा घड्याळात 0.6 सेकंद उरले होते.

ही शेवटची फेक सर्वत्र सुटी पाहायला मिळते आणि बहुतेक जण तेवढीच पाहतात. आपण निदान तिसऱ्या क्वार्टरपासून, तो लंगडत आत जातो तेथून, पुढे पाहावे. आणि नजर चेंडूवर न ठेवता ओक्लाहोमाचे बचावपटू त्याला अडवायला किती पुढे येऊन उभे राहतात, त्याकडे ठेवावी.